कूलर बदलून मिळेल

माझा स्वभाव डूख धरणारा आहे, हे आधीच सांगून टाकतो. लोक म्हणतात, सोडून द्या, विसरून जा. मी का म्हणून विसरू? ज्यानं केलं तो तर विसरून मोकळा झालेला असतोच. आमच्या ताडकळसच्या भागात मला ओळखतात ते कबड्डीच्या समालोचनामुळं. गुडघा गेला तेव्हा खेळ सुटला आणि हातात माईक आला. कोणाची चढाई कशी फसली, पंचाला बोनसची रेघ कशी दिसली नाही, कोणत्या पुढाऱ्यानं मैदानावर मुरूम टाकतो म्हणून थापा मारल्या, हे सगळं मी तिथंच बोलून टाकतो. लोक निम्मे खेळासाठी येतात आणि निम्मे माझ्या तोंडासाठी.

त्या उन्हाळ्यात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतिणीला कोणी हलवत नाही. त्यात आईबापाची इज्जत असते. आमच्या घरावर पत्रे, आणि मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पत्र्याखाली बसणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला विचारा. म्हणून लेक दवाखान्यातून यायच्या आधीच मी तालुक्याच्या दुकानातून नवा कोरा कूलर आणला. दुकानदार म्हणजे साधासुधा असामी नव्हे. आमच्या गटातून जिल्हा परिषदेला उभा राहणार म्हणून गावोगाव त्याची बॅनरं लागलेली, हात जोडून, सगळे दात दाखवत. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. मीसुद्धा म्हणायचो.

बारसं व्हायच्या आधीच कूलरची मोटार जळाली. भाऊला फोन केला तर म्हणाला, मिस्त्री पाठवतो. मिस्त्री काही उगवला नाही. पुन्हा फोन केला तर म्हणाला, कंपनीला लावा. कंपनीला लावला तर एक बाई मला हे दाबा, ते दाबा करत राहिली. दाबून दाबून अंगठा दुखायला लागला, आणि शेवटी तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं म्हणून तिनं तो कापला. अशा वेळी माणसानं भांडायचं तरी कोणाशी? मग कूलर ॲपे रिक्षात घातला आणि थेट दुकानात नेऊन भाऊसमोर ठेवला. त्यानं त्याच्याकडं मान वळवूनही बघितलं नाही.

"तुमच्या गावचं पाणी खारं हाय अन् करंटला दाब न्हाई," तो म्हणाला. "त्याला मी काय करू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण याच माणसाच्या बॅनरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की घरोघरी गोड पाणी आणि पूर्ण दाबानं वीज. म्हणजे मत मागायच्या वेळी आमचं खारं पाणी याच्या कामाचं, आणि कूलर बदलून द्यायच्या वेळीही तेच कामाचं. तोंडाला पानं पुसून त्यानं मला वाटेला लावलं. जळका कूलर घेऊन मी घरी आलो.

दाराला-खिडकीला ओल्या साडीचे पडदे बांधून मी आणि बायको लेकराला वारा घालत बसायचो. तरी त्याच्या अंगावर घामोळ्या उठल्या. लेकराला बघायला जावई आले, त्यांनी झबलं वर करून पाठ बघितली आणि दारातच म्हणाले, "मामा, तुमच्याकडं लेकराला साधी हवा लागंना. आमच्याकडं कूलर हाय. मी नेतो दोघांला."

सव्वा महिना व्हायचा होता. शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. बायको पदराला डोळे पुसत पिशव्या भरायला लागली. जीपमध्ये बसताना लेक माझ्याकडं बघत होती, मी काहीतरी बोलेन म्हणून. आणि मी, ज्याच्या तोंडी लागायला गाव भितं, तो गप उभा राहिलो. जीप गेली. तेव्हाच ठरवलं, या भाऊची जिरवायची. नुसती नाही, चारचौघांत जिरवायची.

बायको म्हणायची, जाऊन पोरीला भेटून तरी या. मी म्हणायचो, कोणतं तोंड घेऊन जाऊ? आधी त्याचं बघतो. संधीही चालून आली. निवडणुकीच्या नादात भाऊनंच आमच्याकडं कबड्डीचे सामने भरवले, आणि माईक अर्थातच माझ्याकडं.

आमच्या मैदानावरची एक रीत आहे. चार चढाया झाल्या की देणगीदाराचं नाव पुकारायचं. नाव आलं की त्या माणसानं उठून उभं राहायचं, चारी बाजूंना हात जोडायचे, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. माईकवर जे जाहीर झालं आणि ज्याला हात जोडले गेले, ते झालंच. त्यातून मागं सरणाऱ्याला पुन्हा गावात कोणी उभं करत नाही. आणि भाऊचं मी बारकाईनं बघत होतो. तो स्टेजवर बसून सारखा फोनवर, नाहीतर कार्यकर्त्याच्या कानात. आपलं नाव ऐकू आलं की पुढचं काही न ऐकता ताडकन उठायचा. खात्री करायला मी एकदा मैदानावर पाणी मारल्याबद्दल त्याचे आभार मानले. पाणी आमच्या खेळाडूंनी बादल्यांनी मारलं होतं. भाऊ उठला, हात जोडले, बसला. मला हसू आवरेना.

अंतिम सामन्याला दिवस कलताना मैदान गच्च भरलं होतं. मध्यंतर झालं, आणि मी घसा साफ केला.

"मंडळी, आपले लाडके भाऊ जाहीर करायलेत. त्यांच्या दुकानातून घेतलेला ज्याचा कूलर बिघडला असंल, त्यानं उद्या सकाळी दुकानात यावं. कूलर बदलून मिळंल. पाणी खारं असो का करंट कमी असो, भाऊ कुणाला काय विचारणार न्हाईत."

भाऊ उठला. चारी बाजूंना हात जोडले. टाळ्या, शिट्ट्या थांबेचनात, तेव्हा कुठं कार्यकर्ता त्याच्या कानाला लागला. भाऊचे हात जोडलेलेच राहिले, पण तोंड उतरलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी शांतपणे दिलदार माणूस म्हणून त्याचे आभार मानले आणि दुसरा डाव पुकारला. इतकं गार मला त्या उन्हाळ्यात कधीच वाटलं नव्हतं.

कोणीतरी मोबाईलवर काढलेलं ते शूटिंग गावागावांत फिरलं. सकाळी दुकानासमोर टेम्पो, ॲपे, मोटारसायकलवर आडवे बांधलेले कूलर. लय मजा आली. भाऊ दात-ओठ खात एकेक नवा खोका बाहेर काढायचा आणि फोटोसाठी हसायचा. माझा खोका देताना हळूच म्हणाला, हे मी लक्षात ठेवीन. मी म्हणालो, ठेवा की, मतदानाला टाईम हाय अजून.

खोका उचलून वळलो तर रांगेत जावई. समोर टेम्पोत त्यांचा कूलर.

मला बघून त्यांनी मान खाली घातली. मी विचारलं, कधीपासून बंद आहे? म्हणाले, "नेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बंद पडला, मामा. सांगायची लाज वाटली."

म्हणजे इतके दिवस माझं नातवंड तिथंही तसंच तापत होतं. माझा राग भाऊवरून उठला आणि या पोरावर जाऊन बसला. पण लोक होते, जावई होता. एवढंच म्हणालो, "तुमचा कूलर घ्या. हा माझाबी टेम्पोत ठिवा. लेक अन् नातू आजच माझ्या घरी येतील." त्यांनी नाही म्हटलं नाही.

टेम्पो त्यांच्या दारात थांबला. भाऊला कसा उठवला, कसा वाकवला, हे सगळं मी वाटेत मनाशी जुळवून ठेवलं होतं. लेक हसेल म्हणून. ती लेकराला घेऊन बाहेर आली. खोक्यांकडं तिनं बघितलंही नाही.

"आप्पा, कूलर न्हाई म्हणून मी कधी काय बोलले व्हते का?" ती म्हणाली. "तुमी नुसतं न्यायला यायचं ना."

मी लेकराला हातात घेतलं. त्याच्या मानेवरच्या घामोळ्या पिकल्या होत्या.