उद्याच्या बटाट्याचं पाणी

पाटबंधारे कार्यालयातल्या त्या इंजिनिअर बाईंना सगळे ‘चौकशीबाई’ म्हणत, आणि ते नाव उगाच पडलं नव्हतं. धरणातलं पाणी, आसपासची शेतं आणि पायथ्याचं वीजघर यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे कॉम्प्युटरवर मांडायचं काम साहेबांनी त्यांच्या गळ्यात मारलं, तेव्हा बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाई मात्र हरखल्या.

हिवाळाभर खपून त्यांनी मांडणी उभी केली. पण उन्हाळ्याशी आलं की गाडं अडायचं. शेतं मोकळी, पाण्याला मागणी नाही, तरी धरणाची पातळी हिशेबापेक्षा भराभर उतरायची. संध्याकाळी विजेसाठी पाणी सुटतं, हे ठाऊक होतं. पण एवढी वीज खातं कोण? पंखे धरले, दिवे धरले, तरी मेळ बसेना.

एका सुट्टीच्या दिवशी त्या थोरल्या भावाकडे जेवायला गेल्या. तो कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर. वहिनी सहज म्हणाली, "बाहेर अंगाची लाही होतेय आणि हे रोज स्वेटर घेऊन कामाला जातात."

बाईंचा घास हातातच राहिला. "दादा, तुझी मशीन उन्हाळ्यात किती चालतात?"

"थांबतात कुठे? बटाटा आहे तो. जरा गरम झालं की कोंब काढून बसतो."

"मला दाखव ना."

"आत्ता? डुलकी तरी काढू दे."

डुलकी राहिलीच. आत छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या होत्या. बाई कुडकुडत उभ्या राहिल्या आणि हळूहळू त्यांना उलगडत गेलं.

"हे बटाटे गार ठेवायला वीज लागते, विजेसाठी धरणाचं पाणी सुटतं आणि नदीतून वाहून जातं. मग पुढच्या लागवडीला तेच कमी पडतं."

दादा पोत्यांकडे बघत म्हणाला, "म्हणजे आजचा बटाटा उद्याच्या बटाट्याचं पाणी पितोय."

गावोगावची कोल्ड स्टोरेज मांडणीत घातल्यावर मेळ बऱ्यापैकी बसला. मग बाईंनी सुचवलं, दुपारी उन्हावरची वीज मुबलक असते, तेव्हा जास्त गार करून घ्या आणि संध्याकाळी मशीन बंद ठेवा. दादाचा मालक कुरकुरला, पण तयार झाला. पहिल्या संध्याकाळी दादा तापकरी पोराचं अंग चाचपावं तसा सारखा थर्मामीटर बघत होता. तरी काही दिवसांनी दाराजवळच्या पोत्यांतल्या बटाट्यांना कोंब फुटलेच. तिथे जाड पडदा लावला, तेव्हा जमलं. ते बघून आणखी काही मालक तयार झाले.

उन्हाळा सरताना धरणात नेहमीपेक्षा वीतभर पाणी जास्त उरलं. ऑफिसात पेढे वाटायची भाषा सुरू झाली. बाईंची अपेक्षा मात्र हातभराची होती. दुसऱ्या दिवशी दादाला घेऊन त्या धरणाच्या काठावर गेल्या. गरम वारा पाण्यावरून सुटला होता.

"आता इथे काय बघायचंय?" दादाने विचारलं.

"हा वारा किती पाणी नेतो, ते," बाई म्हणाल्या आणि चप्पल काढून पाण्यात उतरल्या.