पहार दोन, घण एक, बाई एक

"पाणी शिंपड आन् मंग उचल. बाटवला तिनं."

एजंट सेठ त्याच्या कारकुनाला हे म्हणाला, ते कागदाबद्दल. कामाच्या करारनाम्याबद्दल. मी तो कागद दोन्ही हातांनी धरून मोठ्यानं वाचला होता. सेठ ओरडला म्हणून टेबलावर परत ठेवला होता. कारकुनानं लोट्यात चार बोटं बुडवली आणि कागदावर पाणी मारलं. शाई फुटली. ओळीत ओळ मिसळली. मग त्यानं दोन बोटांच्या चिमटीत कागद उचलला.

त्याच कागदावर माझ्या नवऱ्याचा अंगठा उमटायचा होता. माझ्याच जातीचा, माझ्याच घरातला अंगठा. सेठ वर्षानुवर्षं आमच्या माणसांचे अंगठे घेत होता, कागदाची घडी घालून पेटीत ठेवत होता. तेव्हा कधी लोटा लागला नाही. आमच्या अंगठ्यानं कागद बाटत नव्हता, आमच्या वाचण्यानं बाटत होता.

नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्याला वर्ष झालं होतं. विटाळ कायद्यानंही गेला होता म्हणे. जाम गावच्या चौरस्त्यावर मात्र तो भरदुपारी टेबल मांडून बसला होता.

आमचा धंदा विहिरी खोदायचा. मी आणि माझा नवरा समुद्रपूरच्या आसपासच्या गावांत विहिरी उक्त्या घ्यायचो. कुणाच्या घरचे गडी नव्हतो. काम ठरवायचं, संपवायचं, पुढच्या गावाला निघायचं. तो खाली मुरूम खणायचा, दगड फोडायचा. मी टोपलं भरून वर आणायचे. वीस हात, पंचवीस हात खोल. पाणी लागेपर्यंत विहीर आमची असायची. पाणी लागलं की कास्तकार नारळ फोडायचा आणि आम्हाला काठापासून लांब व्हायला सांगायचा.

दीक्षा घेतल्यावर आम्ही मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावांना राग आला. त्या वर्षी एकाही कास्तकारानं विहिरीला बोलावलं नाही. पहार भिंतीला टेकून राहिली. म्हणून एजंटाच्या टेबलापुढे जायची पाळी आली.

हा सेठ दर साली दिवाळी झाली की चौरस्त्यावर यायचा. दूरच्या धरणाच्या पायाच्या कामाला माणसं भरायचा. त्याला एकटा माणूस नको असायचा, जोडी लागायची. फोडणारा नवरा, वाहणारी बायको. अंगठा मात्र एकच, नवऱ्याचा. त्या एका अंगठ्यात दोघं बांधली जायची. बाया मागं ट्रकजवळ गाठोडी धरून उभ्या राहायच्या. ही रीतच होती आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. खरं सांगते, मलाही वाटत नव्हतं.

वाटायला लागलं ते माझ्या जावेमुळं. आदल्या साली माझे थोरले दीर आणि जाऊ याच सेठच्या ट्रकात बसून गेले. तिथं एक सुरुंग उडालाच नाही. काय झालं म्हणून दीर वाकून पाहायला गेले आणि तेव्हाच तो उडाला. दोन्ही डोळे गेले. जाऊ म्हणाली, आम्हाला घरी पाठवा. सेठचा माणूस म्हणाला, "तुया नवऱ्याचा आंगठा हाय. मुदत पुरी कर." ती पुढचे चार महिने टोपली वाहत राहिली. आंधळा नवरा झोपडीत एकटा बसून. तो चाचपडत बाहेर यायचा, कुठंतरी पडायचा, आणि ती दुरून बघायची. काम सोडून धावत गेली की मुकादम शिव्या द्यायचा.

हे कागदात खरंच लिहिलं होतं की सेठच्या माणसाच्या तोंडचं होतं, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. कागद कुणी वाचलाच नव्हता.

मला वाचता येत होतं. माझा बाप गावचा कोतवाल. सरकारी कागद घरोघर पोचवायचा, पण त्याला अक्षर येत नव्हतं. कोणता कागद कुणाचा, हे कचेरीतून जसं सांगतील तसं डोक्यात धरून चालायचा. एकदा गडबड झाली. खुद्द त्याच्याच नावाचं समन्स तो पाटलाला देऊन आला. पाटलानं वाचलं, हसला आणि ठेवून घेतलं. तारखेला बाप हजर झाला नाही म्हणून शिपाई त्याला दोर बांधून घेऊन गेला. सुटून आला त्या दिवशी त्यानं मला शाळेत नेलं. मी चार वर्षं शाळेच्या ओसरीत, पायऱ्यांजवळ बसून शिकले. मग लग्न झालं, हाती टोपलं आलं, आणि वाचायला काही आलं नाही.

त्या दिवशी चौरस्त्यावर आमच्यासकट सहा जोड्या होत्या. कारकून कागद वाचून दाखवायला उभा राहिला. "सहा महिने काम. राहायला झोपडी. आठ दिवसांतून एक सुट्टी. जायला-यायला ट्रक सेठजींचा. या, अंगठे द्या."

मी त्याच्या बोटाकडे पाहत होते. बोट अर्ध्या पानावरून सरकलं होतं आणि तोंडातून चारच गोष्टी निघाल्या होत्या.

मी ट्रकजवळून पुढं आले. म्हणाले, "मंधातलं सुटलं. ते वाचा."

सगळे माझ्याकडे वळले. नवरा हळूच म्हणाला, "चूप राह्य."

सेठ पान खात होता. त्यानं मला खालून वर पाहिलं. "तुले काय करा लागते मंधातल्याशी? तुया त आंगठाबी लागत नाई." मग बाकीच्यांकडे पाहून म्हणाला, "टोपलं उचलाले अक्षर लागते काय रे?"

माणसं हसली. आमचीच माणसं. माझा नवराही हसला, ते मी पाहिलं. भीतीनं हसला असेल. पण हसला.

मी टेबलावरचा कागद उचलला आणि वाचायला लागले. सवय तुटली होती, अडखळत होते. जोडाक्षरावर थांबत होते. पण मोठ्यानं वाचत होते.

"सुरुंगाने अगर दगडाने मजुरास इजा अथवा मृत्यू झाल्यास एजंट जबाबदार नाही. पुरुष निकामी झाल्यास जोडीतील बाईने मुदत पुरी करावी."

निकामी. माझ्या दिराच्या दोन डोळ्यांसाठी हा शब्द आधीच लिहून ठेवला होता. ते वाकून पाहायच्या कितीतरी आधी.

मी खाली वाचत गेले. तिथं नवऱ्याचं नाव होतं, त्याच्या बापाचं नाव होतं, गाव होतं. माझं नाव शोधलं. नव्हतं. त्याखाली लिहिलं होतं, "सोबतचे सामान : पहार दोन, घण एक, टोपल्या चार, बाई एक."

मी ते परत वाचलं. मला वाटलं, अक्षर लावण्यात माझंच चुकलं. चुकलं नव्हतं. मी टोपल्यांच्या खाली होते. टोपल्या निदान चार होत्या.

तेव्हाच सेठ ओरडला, "ठेव तो कागद! ठेव खाली!" आणि मग तो लोटा, ते पाणी.

कारकून दुसरा कागद लिहायला बसला. तसाच. तीच कलमं, तेच सामान. आता तरी माणसं काही बोलतील म्हणून मी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. सगळे जमिनीकडे पाहत होते. त्यांच्याही पहारी भिंतीला टेकलेल्या होत्या, हे मला कळत होतं. तरी राग कमी झाला नाही. त्यांचाही आला आणि सेठचा तर आलाच.

माझा नवरा पुढं झाला. आंधळ्या झालेल्या सख्ख्या भावाला हाताला धरून परसाकडे नेणारा माझा नवरा. म्हणाला, "तिचं काय आयकता, सेठजी? बाईची जात. मी देतो ना आंगठा." आणि त्यानं शाईच्या गादीवर अंगठा दाबला.

मी म्हणाले, "द्या. तुमचा आंगठा तुमचा हाय. मी त्याच्यात नाई."

"म्हंजे?" सेठ म्हणाला.

"म्हंजे मी ट्रकात बसत नाई. माया आंगठा मायाजवळ हाय. लिवायचं असन त मायं नाव लिवा, मले कागद वाचू द्या, ते निकामीचं कलम काढा. मंग मी माही सही करतो. नाई त एकटा नवरा घेऊन जा."

सेठला एकटा नवरा नको होता. फोडलेला दगड वाहणार कोण? तो नवऱ्याला म्हणाला, "बायको आवरत नाई तुले, दगड काय आवरशीन?" आणि हातानं त्याला बाजूला सारलं. शाई लागलेला अंगठा तसाच वर धरून माझा नवरा उभा राहिला.

पाच जोड्यांनी अंगठे दिले. बाया ट्रकात चढल्या. एकीनंही माझ्याकडे पाहिलं नाही. ट्रक गेला.

घरापर्यंत तीन कोस. नवरा पुढं, मी मागं. अर्ध्या वाटेवर तो थांबला आणि ओरडला, "आता खाशीन काय? कागद खाशीन?"

मी म्हणाले, "सामानाले भूक नसते."

त्यानं हात उचलला. मी हलले नाही. त्यानं हात खाली घेतला आणि पुढचे पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही.

मी आधी जावेकडे गेले. तिला सांगितलं की ते कागदात खरंच लिहिलेलं आहे. ती सूप पाखडत होती. हात थांबला. म्हणाली, "मले सालभर वाटून राह्यलं होतं, का तो मानूस खोटं बोलला आन् मीच येडी, भिऊन थांबली." मग ती रडली. नवऱ्याचे डोळे गेले तेव्हाही एवढी रडली नव्हती. मी तिला गप्प केलं नाही.

ते साल वाईट गेलं. अंबाडीची भाजी आणि कण्या खाऊन काढलं. वस्तीतल्या लोकांनी तोंडावर बोल लावले की हिच्यापायी नवऱ्याचं काम गेलं. मी ऐकून घेतलं. मला त्याचा पस्तावा नाही, तेव्हाही नव्हता. राग आहे आणि तो मला विझवायचा नाही.

मी आता जावेला अक्षरं शिकवते आहे. राखेत बोटानं. तिनं पहिल्यांदा 'निकामी' हा शब्द मागितला. दिला.

येत्या दिवाळीनंतर सेठ पुन्हा येईल, पुन्हा टेबल मांडेल. आम्ही दोघी त्याच्या टेबलापुढं सगळ्यांत आधी जाऊन उभ्या राहू. कागद हातात घेऊ आणि शेवटच्या बाईला ऐकू जाईल असा वाचू. पाणी शिंपडलं तर दुसरा कागद वाचू. तोही भिजवला तर तिसरा. आणि त्यात एक जरी बाई सामानात लिहिलेली निघाली, तर मी ट्रकाच्या चाकापुढं आडवी पडेन, पण एकीलाही वर चढू देणार नाही. माझा नवरा मधे आला तर त्यालाही बाजूला सारेन.