झोर्कोची नारिंगी दोरी

लिंडनच्या झाडाची वाळकी फांदी कडाडकन मोडली आणि थेट झोर्कोच्या टोपलीवर येऊन आदळली. टोपलीचा भुगा झाला. त्या टोपलीशेजारी क्षणभरापूर्वी झोर्कोची बायको मिलोय्का उभी होती. कमरेला पट्टा, डोक्यावर हेल्मेट, आयुष्यात पहिल्यांदा झाडावर चढायला निघालेली बाई. हेल्मेटखाली केस नीट बसेनात म्हणून आरशात बघायला ती गाडीकडे गेली, तेवढ्यात हे झालं. बायकोच्या केस विंचरण्यावरून झोर्को लग्नापासून कटकट करत आला होता. त्या दिवसापासून त्यावरून त्याने एक शब्द काढलेला नाही.

फांदी तपासायला दोराला लोंबकळलेले झोर्को आणि त्याचा जुना दोस्त सिल्वान, दोघेही दाणकन जमिनीवर आले होते. सिल्वान तर पाय पसरून, तोंड उघडं टाकून बसला होता. त्याच्या तोंडात पावाचा घास होता, तो त्याने किती तरी वेळ गिळलाच नाही.

आता झोर्कोचं आधी सांगायला हवं. वाइनच्या तळघरातली नोकरी संपल्यावर बाकीचे म्हातारे पत्ते खेळायला लागले, हा झाडावर चढायला लागला. पोलोना नावाची एक मुलगी दर रविवारी हौशी मंडळी गोळा करून आणायची. ना चेरी काढायच्या, ना लाकूड तोडायचं. वर जायचं, फांदीवर बसून हॅम-पाव खायचा, उतरायचं. गाव हसलं. झोर्को मात्र पहिल्याच दिवशी घरी येऊन म्हणाला, "मिलोय्का, मी जन्मभर हेच करत होतो आणि त्याला नाव असतं हे मला माहीत नव्हतं."

खरंच होतं ते. आमच्याकडे सगळं गाव चेरीवर जगतं. इतर पोरं शिडीवरून हात लांब करून पिकली फळं तोडायची. झोर्कोच्या टोपलीत मात्र निम्मी हिरवी निघायची. आईने कान पिळला, बापाने शिव्या दिल्या, गावाने त्याचं नाव 'आंबट' ठेवलं. शेवटी त्याने आपली तोड काढली. शिडी सोडून तो थेट फांद्यांत शिरायचा आणि एकेक फळ बोटांनी दाबून बघायचा. मऊ ते पिकलेलं. माकडासारखा चढतो म्हणून मग कौतुकही झालं. तो असा का चढतो, हे कोणी विचारलं नाही.

तर या वसंतात मिलोय्का एकदाची वर यायला तयार झाली. पण तिची अट होती. "दुसऱ्या कुणाच्या दोरावर मी जीव टांगणार नाही. तू टाकलेल्या दोरीवरच चढेन. नाही जमलं तर मला परत विचारायचं नाही, आणि तूही पत्ते खेळायला बसायचं."

झोर्को कामाला लागला. चढायचा जाड दोर काही थेट फेकता येत नाही. आधी बारीक दोरी लागते. तिच्या टोकाला छर्‍यांची छोटी पिशवी बांधून ती हव्या त्या बेचक्यातून पलीकडे टाकायची, पिशवी खाली आली की दोरीला दोर बांधून ओढून घ्यायचा. झोर्को शहरातल्या दुकानात गेला आणि दुकानदाराने मांडलेल्या सगळ्या दोऱ्या डोळे मिटून बोटांतून सरकवत बसला. एक खरखरीत, ती सालीवर अडणार. एक रबरासारखी ताणणारी. एक रिळाची वळणं न विसरणारी, ती गुंतणार. शेवटी साबणासारखी गुळगुळीत, मवाळ दोरी हाताला लागली.

"उत्तम निवड, काका," दुकानदार म्हणाला. "त्यात नारिंगी. झाडावर टाकलीत तर सीमेपलीकडे इटलीतून दिसेल!"

झोर्कोला वाटलं, दुकानदार आहे, बोलायचंच त्याने.

लोक दोरी घडीच्या चौकोनी पिशवीत नेतात. याने आईची चेरीची टोपली काढली, आत जुनी उशीची खोळ शिवली आणि दोरी तिच्यात सैल सोडत गेला, गुंडाळली नाही. टोपली खांद्याला अडकवून रोज मळ्यात जायचा, पिशवी फेकायचा, आणि दोरी टोपलीतून पाण्यासारखी निघायची. सिल्वान चेष्टा करायचा, "आंबट निघाला, चेरी फेकायला!"

आणि त्या रविवारी हे असं झालं.

पोलोना झाडाच्या पलीकडे दुसऱ्यांचे पट्टे तपासत होती, ती धावत आली. आधी मिलोय्काला बघितलं, मग दोघा म्हाताऱ्यांचे हातपाय चाचपले. मग वर बघून म्हणाली, "झोर्कोकाका, आपलं ठरलं होतं ना जाड बेचकं? तुम्ही तर दोरी अलीकडच्या वाळक्या फांदीवर टाकली होती!"

"जाड बेचक्यातच होती. ओढून बघितली की मी. हाताला घट्ट लागली."

"हाताला? अहो, पण डोळ्यांनी नाही बघितलं?"

"डोळ्यांनी?" झोर्को चिडला. "एवढ्या वर, एवढ्या पानांत, कुणाला दिसते गं दोरी? सगळे हातानेच तर ओळखतात!"

सिल्वानने घास गिळला.

"काका," पोलोना हळूच म्हणाली, "आम्हाला दिसते. सगळ्यांना."

"थट्टा करू नका. मेलो असतो आत्ता."

पोलोनाने तीच नारिंगी दोरी उचलून समोरच्या कोवळ्या फांदीवर टाकली आणि सगळ्यांना मागे नेलं. "आता दाखवा, कुठे आहे?" सिल्वानने बोट दाखवलं. मिलोय्कानेही. झोर्को डोळे बारीक करून बघत राहिला. त्याला पानं दिसत होती, फांदी दिसत होती. दोरी नव्हती.

"मिलोय्का," तो तिच्याकडे वळून म्हणाला, "तुला दिसते?"

"आंधळ्यालाही दिसेल रे... अरे देवा." तिने तोंडावर हात ठेवला. "माझं हेल्मेट कुठल्या रंगाचं आहे?"

"तपकिरी."

ते लालभडक होतं.

मग एकेक गोष्ट बाहेर पडू लागली, आणि प्रत्येक गोष्टीला मंडळी नव्याने हादरत होती. खिडकीच्या झडपा हिरव्या रंगवायला सांगितल्या तर याने त्यातली एक विटकरी करून ठेवली होती, मिलोय्का चार दिवस बोलली नव्हती. सैन्यात भरती होताना डॉक्टरने रंगीत ठिपक्यांत आकडा लपवलेलं चित्र दाखवलं होतं. "पुढच्याने आठ म्हटलं," झोर्को म्हणाला, "म्हणून मीही आठ म्हटलं. मला वाटलं, तसं म्हणायचं असतं."

"आणि सिग्नल?" सिल्वान किंचाळला. "मी तुझ्या गाडीत बसतो!"

"वरचा दिवा लागला की थांबायचं. एवढं कळतं मला."

सगळे हसू लागले, मिलोय्का मात्र हसली नाही. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "आपण पहिल्यांदा भेटलो त्या नाचाच्या रात्री तू मला चेरी आणून दिल्या होत्यास. निम्म्या हिरव्या. मला वाटलं, माझी परीक्षा घेतोय. मी बियांसकट सगळ्या खाल्ल्या, रात्रभर पोट धरून बसले. इतकी वर्षं माझ्या मनात तेच की हा माणूस पहिल्या दिवसापासून छळवादी."

"मी चांगल्यातल्या चांगल्या निवडल्या होत्या," झोर्को म्हणाला. "घाईत दाबून बघायच्या राहिल्या." आणि तो मोडक्या टोपलीशेजारी मटकन बसला. "संपलं. ज्याला दोरी दिसत नाही त्याने ती टाकायची कशी?"

पोलोना आपल्या गाडीत डोकं खुपसून काही तरी उपसत होती. ती बाहेर आली ती धुळीने माखलेली गडद निळी दोरी घेऊन. "ही कुणालाच नको होती. पानांच्या सावलीत बुडून जाते." तिने ती कोवळ्या फांदीवर टाकली.

झोर्को उठून उभा राहिला. "अगं, ही तर 'मी इथे आहे' म्हणून ओरडतेय!"

त्याने ती आधी बोटांतून सरकवून बघितली. जरा खरखरीत होती, पण चालण्यासारखी. टोपली नव्हती, म्हणून सिल्वानने जेवणाची बादली रिकामी करून पुढे केली. "घे आंबट." झोर्कोने दोरी तिच्यात सैल सोडली, "डोकी सांभाळा!" म्हणून हाक दिली आणि पिशवी झुलवून सोडली. ती जाड बेचक्यातून गेली. या वेळी त्याने ओढून बघायच्या आधी वर बघितलं.

दोर चढला, आणि त्याच्या जोडीला निळी दोरीही झोर्कोने खूण म्हणून बेचक्यातच राहू दिली. झोर्को आणि सिल्वान पुन्हा लोंबकळले, सिल्वान डोळे मिटून. फांदी हलली नाही. पोलोना दुर्बीण लावून झाडाभोवती फिरली आणि मान डोलावली.

मिलोय्काने पट्टा दोरात अडकवला. जमिनीपासून पाय सुटले तशी ती थांबली आणि वर बघू लागली. "मला नाही रे दिसत ती निळी. सिल्वान, तुला दिसते?"

"मला नुसती पानं दिसतात."

"झोर्को?"

"जाड बेचक्यात आहे," झोर्को खालून म्हणाला. "अगदी मधोमध. मी बघतोय."

ती चढू लागली.