शेळीनं खाल्लेला पाय

नळदुर्गच्या बाजारात करडईच्या तेलाचा वास आला आणि आमचे चुलते, नाना, आठवले. फौजेत असताना सुरुंगात त्यांचा पाय गेला. दुष्काळात मिळालेल्या छोट्या अनुदानातून त्यांनी शेतावर दोन शेळ्या पाळल्या. त्या बघायला अनुदान देणारे साहेब येणार होते. पसंत पडल्या तर आणखी दोन मिळणार. साहेबांपुढं ताठ उभं राहायचं म्हणून नानांनी लाकडी पायाचे चामडी पट्टे तेलानं चोपडून उन्हात ठेवले. साहेब दारात आले, तेव्हा उपाशी शेळी शेवटचा पट्टा चघळत होती.

बाजेवरूनच नाना ओरडले, "साहेब, पयला पाय सुरुंगानं नेला, दुसरा तुमच्याच शेळीनं खाल्ला!"

साहेबांना हसू आवरेना. उठता न येण्याची लाज नानांनी त्या हशात झाकली, हे मला आज कळतंय.

शेळ्या मिळाल्या. नव्या पट्ट्यांना मात्र नानांनी कधी तेल लावलं नाही. नाना चालले की पट्टे करकरायचे, आणि शेळ्या आशेनं माना वर करायच्या.