उतरती रेष

धाकट्या जाऊला सांख्यिकी शिकवायचं काम माझ्याकडे आलं ते मी शाळेत गणित शिकवते म्हणून, माझा स्वभाव पाहून नक्कीच नव्हे. राग माझ्या नाकावरच असतो, हे लोधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीलाही ठाऊक आहे. जाऊ गावाकडे दापोऱ्याला सासूबाईंजवळ राहते, केळीची बाग बघते आणि बाहेरून बी.ए. करते. अर्थशास्त्राच्या याच पेपरात ती एकदा नापास झाली होती. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदा निघाला तर पुढे शिक, नाही तर पुस्तकं आवर. म्हणून दर रविवारी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची.

बाकी सगळं जमायचं, संचित वारंवारतेच्या आलेखापाशी मात्र घोडं पेंड खायचं. तिचं बी.ए. हिंदी माध्यमातून, त्यामुळे पुस्तकातलं ‘संचयी बारंबारता’ हे नाव वाचूनच तिचा चेहरा पडायचा. म्हटलं, घरचंच उदाहरण देऊ. बागेतले सगळे घड काही एकदम तयार होत नाहीत. पहिल्या आठवड्यात थोडे कापतात, मग भराभर, शेवटी पुन्हा थोडेच. “प्रत्येक आठवड्याच्या आकड्यात मागचे सगळे मिळवत जा. म्हणजे त्या आठवड्याअखेर एकूण किती कापले ते कळतं. मग ते बिंदू जोड.” इतकं सोपं करून दिल्यावर मी स्वतःवर खूश होऊन भाजी फोडणीला टाकली.

वळून पाहते तर रेष वरून निघून खाली खाली आलेली, शेवटी शून्यावर टेकलेली. मी पुन्हा समजावलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पुस्तकातल्या विद्यार्थ्यांच्या गुणांचीही तिने तीच गत केली. माझा पारा चढला.

“अगं, मिळवत जा म्हटलं ना? मिळवून कधी आकडा कमी होतो का?”

तिने कागद माझ्याकडे फिरवला. मग हळू आवाजात म्हणाली, “ताई, कटाई झाली का आम्ही बगीच्यात किती माल बाकी आहे तेच पाहतो ना. गेला तो गेला. मंग रेष वर कशी जाईन?”

मी आकडे तपासले. दर वेळी ती एकूण घडांतून कापलेले वजा करत होती, आणि एकही वजाबाकी चुकली नव्हती. तिने आलेख चुकवला नव्हता, दुसराच काढला होता, उरलेल्या मालाचा, उतरता. तोही अभ्यासक्रमात असतो, फक्त आमची गाडी तिथवर गेलीच नव्हती. मी तिच्याच कागदावर कापलेल्या घडांची चढती रेष काढली. दोन्ही रेषा एका जागी एकमेकींना छेदून गेल्या.

“इथे काय झालं, सांग.”

तिने तिथे बोट ठेवलं. “आधा माल गेला, आधा बाकी आहे.”

“यालाच मध्यक म्हणतात,” मी म्हटलं. ती इतकी मोकळी हसली की मला फार बरं वाटलं.

पेपर देऊन ती तडक माझ्याकडे आली. “चढती विचारली होती ताई. मी दोन्ही काढल्या.”

“वेळ उरला होता?”

“नाही. शेवटचा सवाल राहून गेला.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळं शिक्षण टांगणीला लागलेलं, आणि ही न विचारलेली रेष काढत बसली. “कशाला पण?”

“मागच्या पेपरले तीच काढली होती. काय काढली ते लिहिलं नव्हतं, मंग चूकच धरली असंन त्यांनी. या वेळी बाजूला तिचं नाव लिहून ठेवलं. ती गलत नव्हती ना ताई.”

मी तिच्यासमोर पोह्यांची बशी सरकवली आणि निकालाची धास्ती माझ्याजवळच ठेवली.

निकाल लागला आणि पेपर निघाला, अगदी काठावर. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. मला वाटलं, पुढच्या वर्षाचं काहीतरी बोलतील. त्यांचा आवाज चांगलाच तापलेला होता.

“दोन रेषा काढल्या म्हणे तिनं. मंग मार्क एकीचेच काऊन दिले?”