धाकटीच्या हातचं मीठ-साखरेचं पाणी

त्या दुष्काळात आमच्या महिला दूध संस्थेनं आरोग्याच्या प्रशिक्षणाला एक बाई पाठवायचं ठरवलं आणि पाठवलं कुणाला, तर माझ्या धाकट्या जावेला. मी सातवी पास, तिनं चौथीत शाळा सोडलेली. केजला आठ दिवस राहून आली ती खांद्याला पिशवी अडकवून. पिशवीत जुलाबावरच्या क्षारांच्या पुड्या. दूध घालायला गेलं की बाया तिला म्हणायच्या, या, बसा. माझ्याकडं कुणी बघायचं न्हाई. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

ती ओट्यावर बाया जमवून सांगायची. टँकर विहिरीत रिकामा करतात, त्या पाण्यातून जंतू पोटात जातात. ते आतडं कुरतडत न्हाईत, अस्तराला चिकटून विष सोडतात. अस्तराच्या पेशी जित्याच राहतात, पण विषानं बहकतात अन् चावी बिघडलेल्या नळासारखं अंगातलं पाणी आतड्यात सोडत बसतात. त्याच पेशींना मीठ आणि साखर एकत्र मिळाली, तर त्या पाणी आत ओढूनही घेतात. हे ओढून घेणं तेवढं विषाला बंद करता येत न्हाई. मी मागं बसून नाक मुरडायचे. म्हणायचे, चौथीची बाई पेशी शिकवतीय. खरं सांगते, मला एकदा ऐकूनच सगळं पाठ झालं होतं.

चैतात माझ्याच चार वर्षांच्या पोरीला जुलाब लागले, तांदळाच्या धुवणासारखे. जुलाबात पाणी तोडायचं, ही आमच्याकडची घरोघरची रीत. सासूबाईंनी तेच सांगितलं. पोर पाणी मागत होती आणि मी तांब्या उतरंडीमागं लपवला. चुकतंय हे मला कळत होतं. घरात मीठ होतं, साखर होती. पण कालवलं असतं तर धाकटीचंच खरं झालं असतं.

दुपारी पोरीचे डोळे खोल गेले. पोटाची कातडी चिमटीत धरली, तर सोडल्यावरही तशीच उभी राहिली. मग मात्र मी पोरीला उचलून शेजारी धाकटीच्या दारात पळाले.

तिनं पोरीला मांडीवर घेतलं. उकळून गार केलेल्या पाण्यात पुडी कालवली आणि चमच्या-चमच्यानं पाजत बसली. पोर ओकली की जरा थांबायची, परत पाजायची. दिरानं संस्थेची जीप आणली, तर जीपमध्येही पाजणं चालूच. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर तिला म्हणाले, तुम्ही पाणी चालू ठेवलंत म्हणून पोर हाताला लागली. मी तिथंच उभी होते.

सकाळी पोरीनं डोळे उघडले. मी वाकले, तर ती माझ्या पलीकडं बघत म्हणाली, "काकू, पानी दे."

पोर वाचली होती, आणि मी जळत होते. लाज वाटते सांगायला, पण जळत होते. धाकटीला ते दिसलं असावं. तिनं वाटी-चमचा माझ्या हातात दिला.

"बाई, तुमीच पाजा."

मी चमचा पुढं केला. पोरीनं तोंड घट्ट मिटून घेतलं.