विझून वीज खाणारा दिवा

वायरमन खोलीतून बाहेर पडला की त्याचा हात आपसूक बटणावर जायचा. अडतीस वर्षं त्याने लोकांच्या घरांत तारा ओढल्या. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की त्याचं डोकंच फिरायचं. बायको म्हणायची, “अहो, वर गेलात तरी तिथले दिवे बंद करत फिराल!”

तिची नजर काचबिंदूने अधू झाली होती. लख्ख उजेड असेल तरच कडा दिसायच्या. न्हाणीघराकडे जाणारा बोळ बिनखिडकीचा, भरदुपारीही काळाकुट्ट, आणि मध्येच एक पायरी. म्हणून लेकीने तिथे स्मार्ट दिवा बसवला. माणूस आला की पेटायचा, गेला की विझायचा. “बाबा, भिंतीवरचं बटण मात्र कायम चालू ठेवायचं हं,” तिने बजावलं. आई खूश. महिन्याभरात बटण चाचपायची तिची सवयच मोडली.

याच्या डोक्यात मात्र किडा वळवळत होता. एका सकाळी त्याने मीटर लावलाच. विझलेला दिवाही माणसाची चाहूल घेत जागा राहतो आणि अर्धा वॅट खात बसतो, चोवीस तास. बोळात उजेड लागणार दिवसाकाठी जेमतेम दहा मिनिटं! म्हणजे हा आठ वॅटचा पठ्ठ्या जळून खायचा त्याच्या नऊपट विझून खात होता. त्यापेक्षा साधा एलईडी काय वाईट? गणित अगदी बरोबर होतं हो, तिथेच तर घात झाला. कामावर निघताना त्याने बटण बंद केलं. बायको झोपली होती. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला उठवायचं, असं त्याला वाटलं. दिवसभर सोबतच्या माणसांना तो “नऊपट! नऊपट!” असं ऐकवत राहिला.

संध्याकाळी घरी आला तर ती पायरीखाली पडलेली. सकाळपासून. ओरडून ओरडून घसा बसलेला.

“आता पेटेल, आता पेटेल म्हणत पुढे गेले,” ती पुटपुटली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ती पुन्हा चालेल ही आशा सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. लेक घरून तिचे कपडे घेऊन दवाखान्यात आली ती रागाने लाल होऊन. “बोळातलं बटण बंद आहे. कुणी केलं?”

वायरमन खाटेच्या पायथ्याशी उभा होता.

“मीच केलं असेल गं,” खाटेवरून बायको म्हणाली. तिने त्याच्याकडे मान वळवलीही नाही.

“आई, किती वेळा सांगितलं होतं तुला! स्वतःच्या हाताने पाय मोडून घेतलास!” लेक बोलत सुटली, आई ऐकून घेत राहिली. वायरमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं ओठांवर आलं, आणि त्याने ते गिळलं.

“जाऊ दे,” तो लेकीला म्हणाला, “नको ओरडूस तिला.”